नाणी दाबण्याचे यंत्र आणि वसतिगृहाचा शिधा



गेल्या अंकात देणग्यांच्या यादीत एका रकमेपुढे ‘नाणी दाबण्याच्या यंत्रांचे उत्पन्न’ असे छापले होते. ती रक्कम माझी होती. ते वाचून बऱ्याच जणांनी संपादकांकडे चौकशी केली. कोणाला वाटले, मी अमेरिकेत टांकसाळ उघडली आहे. कोणाला शंका आली की जुगाराच्या यंत्रांचा पैसा वसतिगृहाला येतो आहे. ही दुसरी शंका गंभीर असल्याने तिचे उत्तर आधीच देतो : या यंत्रात नशिबाचा काहीही भाग नाही. पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाला ठरलेली वस्तू मिळते, कमी नाही आणि जास्तही नाही.

त्याच सुमारास एका मंडळीच्या तरुण संघाचे पत्र आले. कापणीच्या सणात त्यांनी चांगली रक्कम जमवली आहे. तिच्यातून असे एक यंत्र घेऊन नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या वसतिगृहाला भेट द्यावे, म्हणजे लोक नाणी दाबून घेतील आणि मुलांचा खर्च आपोआप निघेल, अशी त्यांची कल्पना आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिच्या आधी मी या धंद्याची खरी माहिती लिहावी, असे संपादकांनी सुचवले. मी नऊ वर्षे पेनसिल्व्हेनिया राज्यात अशी तीन यंत्रे चालवतो. त्यापूर्वीचे आयुष्य टूलरूममध्ये गेले, त्यामुळे यंत्राची भाषा मला कळते. धंद्याची भाषा मात्र चुका करत शिकलो. त्यातली एक चूक वसतिगृहाला भोवली. तीही या लेखात सांगणार आहे.

यंत्र कसे असते?

आपल्या रेल्वे स्टेशनांवर वजनाचे यंत्र असायचे ते आठवा. नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकायचे आणि खटकन पुठ्ठ्याचे तिकीट पडायचे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझे यंत्र त्याच कुळातले. छातीएवढ्या उंचीचे लाकडी कपाट, वरच्या भागात काच, काचेआड मोठी दातेरी चाके आणि बाहेर एक लांब हँडल. समोर एक सरकती पट्टी असते व तिला तीन खाचा असतात. दोन खाचांत क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी ठेवायची आणि तिसरीत पेनी, म्हणजे एक सेंटचे नाणे. पट्टी आत ढकलली की क्वार्टर माझ्या पेटीत पडतात आणि पेनी दोन पोलादी रुळांच्या तोंडाशी जाते. मग हँडल फिरवायचे.

पुढे जे घडते ते समजायला उसाचा चरक डोळ्यांसमोर आणावा. कांडे दोन रुळांत धरले की ते चेपते आणि रस बाहेर येतो. पेनी सुमारे दीड मिलिमीटर जाड आणि १९ मिलिमीटर रुंद असते. रुळांमधली फट तिच्या जाडीपेक्षा बरीच कमी ठेवलेली असते. नाण्यात रस नसतो, पण धातूला कोठे तरी जावेच लागते. म्हणून तो लांबतो. वाटोळे नाणे आत जाते आणि पातळ, लांबट, अंड्याच्या आकाराचा तुकडा बाहेर येतो. एका रुळावर चित्र उलटे कोरलेले असते, ते दाबाने नाण्यावर सुलटे उमटते. एकाच यंत्रात तीन-चार चित्रांचे ठसे असतात. गिऱ्हाईक हवे ते निवडतो. दातेरी चाकांमुळे जोर विभागला जातो, त्यामुळे आठ वर्षांची मुलगीसुद्धा हँडल फिरवू शकते. हाताने चालणाऱ्या यंत्राला वीज लागत नाही.

लहानपणी आमच्यापैकी काहींनी रेल्वेच्या रुळावर दहा पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे ठेवून गाडी जाईपर्यंत वाट पाहिली असेल. ते धोक्याचे होते आणि त्यासाठी मी वडिलांचा मार खाल्ला आहे. पण चपटे झालेले नाणे हातात घेताना जो आनंद व्हायचा, नेमका तोच आनंद या धंद्याचा पाया आहे. गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही. स्वतःचे नाणे स्वतःच्या हाताने बदलून घरी नेतो. नाणे उलटून पाहिले तर मागे लिंकनचा ताणलेला, पुसट चेहरा बहुधा दिसतो.

ही गंमत जुनी आहे. १८९३ साली शिकागोत कोलंबसाच्या नावाने जे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे अशी नाणी आठवण म्हणून दाबून दिली जात. त्याच वर्षी त्याच शहरात सर्वधर्म परिषद भरली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पुढे ही यंत्रे प्राणिसंग्रहालये, संग्रहालये, गुहा, धबधबे, करमणुकीची उद्याने अशा ठिकाणी पोहोचली. काही लोक ही नाणी जमवण्यासाठी प्रवास करतात.

पेनीची धातू

गिऱ्हाईक मला सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न असा : माझ्या नाण्यावर करडे ओरखडे का आले? याचे उत्तर नाण्याच्या पोटात आहे. १९८२ सालच्या मध्यापर्यंत पेनीत ९५ टक्के तांबे असे. तांबे महागले म्हणून त्या वर्षी धातू बदलली. तेव्हापासूनची पेनी ९७.५ टक्के जस्ताची असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. ती दाबली की मुलामा ताणला जाऊन फाटतो आणि आतले जस्त दिसू लागते. जुनी पेनी मात्र सगळीकडे सारखी लाल निघते. म्हणून मी प्रत्येक यंत्रावर पाटी लावली आहे : ‘१९८२च्या आधीची पेनी वापरा’. तिच्याशेजारी जुन्या पेनींची एक वाटी संग्रहालयाच्या खिडकीवर ठेवलेली असते; नवी द्या, जुनी घ्या. पाटी लावल्यापासून तक्रारी जवळजवळ थांबल्या. धंद्यातला माझा पहिला धडा हाच : दोष आधी सांगितला तर गिऱ्हाईक रागावत नाही.

जागा आणि करार

यंत्र विकत घेणे हा धंद्याचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे जागा. माझी तीन यंत्रे एका छोट्या रेल्वे संग्रहालयात, एका गुहेच्या तिकीटखिडकीपाशी आणि एका शेतावरच्या दुकानात आहेत. जागेच्या मालकाशी लेखी करार असतो. यंत्र माझे, दुरुस्ती माझी, ठसे कोरून घेण्याचा खर्च माझा. जागा त्यांची आणि येणारे लोक त्यांचे. जमलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा त्यांना जातो.

आकडे समजावेत म्हणून एक मांडणी करून दाखवतो. हा माझा हिशेब नव्हे, केवळ उदाहरण आहे. समजा, दिवसाला सरासरी दहा लोक हँडल फिरवतात आणि वर्षात ३०० दिवस जागा उघडी असते. प्रत्येकी अर्धा डॉलर धरला तर दिवसाचे ५ डॉलर, वर्षाचे १,५०० डॉलर. जागेच्या मालकाला ४० टक्के दिले तर ६०० डॉलर गेले, उरले ९००. पेट्रोल, विमा, वंगण, सुटे भाग यांवर ३०० खर्च झाले तर हातात ६०० डॉलर, म्हणजे महिन्याला ५०. त्यातून कर वेगळा. वापरलेले यंत्र ३,००० डॉलरना घेतले असेल तर त्याची किंमत वसूल व्हायलाच पाच वर्षे लागतील. ‘आपोआप पैसा’ असे या धंद्याला म्हणणाऱ्यांनी ही मांडणी दोनदा वाचावी.

आपोआप तर काहीच होत नाही. खाचेत पेनीऐवजी डाइम, म्हणजे दहा सेंटचे लहान नाणे घातले की पट्टी अडकते. चॉकलेटने माखलेल्या क्वार्टरमुळे एकदा यंत्र चार दिवस बंद होते. दातेरी चाकांना ग्रीस लागते, रुळ ब्रशने साफ करावे लागतात, फट वेळोवेळी तपासावी लागते. ती केसभर वाढली तरी चित्र फिके उमटते. बंद यंत्रावर ‘बिघडले आहे’ असा कागद पाहून परत गेलेले मूल पुन्हा येत नाही. म्हणून कोठूनही फोन आला की मी दोन दिवसांत पोहोचतो. सर्वांत दूरचे यंत्र घरापासून दीड तासावर आहे. त्यापलीकडे चौथे यंत्र मी घेतले नाही.

पेटीतला पैसा

आता कारभारीपणाविषयी. या धंद्यात पावती नसते. पेटीची किल्ली माझ्याकडे असते आणि आत किती आहे हे उघडेपर्यंत कोणालाच माहीत नसते. जागेच्या मालकाला त्याचा हिस्सा मी सांगेन त्या आकड्यावरून मिळतो. मोह येथेच आहे आणि तो मोठ्या रकमेचा नसतो. दोन-चार क्वार्टर खिशात राहिली तर जगात कोणाला कळणार नाही.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. पहिली, हँडलच्या दांड्याला एक यांत्रिक मोजणी बसवली. नाणे दाबले की आकडा एकाने वाढतो; त्याला दोनने गुणले की पेटीत किती क्वार्टर असावीत ते कळते. दुसरी, पेटी मी एकटा उघडत नाही. जागेचा एक माणूस शेजारी उभा असतो, मोजणीचा आकडा तो वाचतो आणि दोघांच्या सह्या वहीत होतात. नाणी आम्ही वजनावर मोजतो. एक क्वार्टर ५.६७ ग्रॅमचे; म्हणजे १०० डॉलरची ४०० नाणी सव्वादोन किलोंच्या थोडी वर भरतात. हजार डॉलर म्हणजे साडेबावीस किलोंचे ओझे. बँकेत नेताना खांदा दुखतो आणि ते बरे आहे. पैसा हलका वाटत नाही.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यावर प्रवचन करताना आपण देणारीविषयी बोलतो. पेटी उघडून मोजणाऱ्यांविषयी फारसे बोलत नाही. तिच्या दोन टोल्या त्यांच्याही हातांतून गेल्या असतील. माझी जागा त्या मोजणाऱ्यांत आहे, असे मला वाटते.

परदेशातील वाचकांसाठी येथेच एक सूचना. माझ्याकडे भारतीय पारपत्र आहे, यंत्रे माझ्या स्वतःच्या नावावर आहेत आणि कर भरून उरलेल्या वैयक्तिक बचतीतून मी बँकेमार्फत देणगी पाठवतो. अशी देणगी कायद्याने परकीय अंशदान ठरत नाही. परंतु ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय अंशदान धरली जाते. ती घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असावी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. प्रेमाने पाठवलेला पैसाही चुकीच्या वाटेने आला तर संस्थेला अडचणीत आणतो.

माझी चूक

पहिल्या दोन वर्षांत यंत्रे बरी चालली. मी उत्साहाने वसतिगृहाच्या ताईंना कळवले की दरमहा अमुक इतके डॉलर पाठवीन, त्यातून डाळ-तांदळाचा खर्च भागवा. उन्हाळ्याच्या उत्पन्नावरून मी हा आकडा काढला होता. त्यात हिवाळा धरलाच नव्हता.

पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात बर्फ पडते. रेल्वे संग्रहालय जानेवारीपासून तीन महिने बंद असते, शेतावरचे दुकान नाताळनंतर कुलूप लावते. तिसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये गुहेपाशी असलेल्या यंत्राच्या रुळाला तडा गेला. नवा रुळ कोरून, कडक करून यायला बराच वेळ लागला आणि शिल्लक होते ते त्यात गेले. डिसेंबर ते मार्च मी वसतिगृहाला काहीच पाठवू शकलो नाही. लाजेपोटी पत्रही लिहिले नाही. एप्रिलमध्ये चार महिन्यांची रक्कम एकदम पाठवली आणि हिशेब चुकता झाला असे समजलो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मी धडगाव भागात आलो. दिवाळी झाली होती आणि आईवडील ऊसतोडीला निघाले होते. तिकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातमध्ये किंवा पश्चिम महाराष्ट्रात तोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. ज्या मुलांना वसतिगृहात ठेवले जाते त्यांची शाळा टिकते. जी बरोबर जातात त्यांची बहुधा सुटते. म्हणून हेच महिने वसतिगृह सर्वांत भरलेले असते. सुट्टीतही मुले घरी जात नाहीत, कारण घरी कोणी नसते.

हे मला तेथे उभे राहिल्यावर समजले. माझी यंत्रे ज्या महिन्यांत झोपतात, नेमक्या त्याच महिन्यांत वसतिगृहाची चूल सर्वांत जास्त पेटते.

मी ताईंना विचारले, “एप्रिलमध्ये सगळे पैसे पोहोचले होते ना?”

ताई म्हणाल्या, “हो भाऊ, पोहोचले. पण डिसेंबर ते मार्च मुलं जेवतच होती ना.”

मग त्यांनी वाण्याची उधारीची वही दाखवली. चार महिन्यांच्या नोंदी होत्या : तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. फेब्रुवारीपासून तुरीच्या जागी ‘डाळ अर्धी’ असे होते. वाण्याने बिचाऱ्याने व्याज लावले नव्हते, पण मार्चमध्ये पुढचा माल देण्यापूर्वी थोडे तरी पैसे मागितले होते. ते कोठून आले, हे ताईंनी सांगितले नाही. स्वयंपाकीणबाईंनी नंतर सांगितले. ताईंनी त्या चार महिन्यांत स्वतःचे मानधन उचलले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी दिले नसते तर त्यांनी दुसरीकडे मागितले असते. मी वचन दिले, म्हणून त्यांनी मागितले नाही. माझ्या वचनानेच ती पाने भरली होती.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो : मागच्या वर्षी मिळालेला पैसा या वर्षी पाठवायचा. जानेवारीत गेल्या संपूर्ण वर्षाचा हिशेब होतो आणि जी रक्कम हातात आहे, तीच बारा भागांत विभागून कळवली जाते. यंत्र बंद पडले, बर्फ पडले, मी आजारी पडलो, तरी त्या वर्षाचे पैसे आधीच ठेवलेले असतात. योसेफाने मिसर देशात कोठारे भरली ती सुकाळात. मी सुकाळात वचने वाटली होती.

भारतात हे यंत्र चालेल का?

आता तरुण संघाचा प्रश्न. अमेरिकेत नाणे दाबणे चालते, कारण तेथील कायदा फसवणुकीच्या हेतूने नाणे विद्रूप करण्यास गुन्हा मानतो. लांबट पेनी कोणी खरी म्हणून खपवत नाही. तांबे-जस्ताच्या भावामुळे पेनी वितळवण्यावर २००७ साली तेथे बंदी पक्की केली गेली, तेव्हाही गंमत, शिक्षण आणि दागिने यांसाठी नाणी वापरण्याची मुभा ठेवली गेली.

प्रत्येक देशात असे नाही. जपानमध्ये १९४७ पासून नाणे विद्रूप करण्यास कायद्याने मनाई आहे. तेथील पर्यटनस्थळांवर अशी यंत्रे आहेत, पण ती गिऱ्हाइकाचे नाणे दाबत नाहीत. यंत्रात आधीच भरलेल्या कोऱ्या चकतीवर चित्र उमटवून देतात.

आपल्याकडे २०११ चा नाणे कायदा लागू आहे. त्याप्रमाणे चलनातील नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आकार किंवा पृष्ठभाग बदलणे यालाही कायदा विद्रूपीकरण म्हणतो. तेव्हा वसतिगृहाच्या दारात यंत्र ठेवून लोकांना रुपयाची नाणी दाबू देणे, हे आपल्याला करता येणार नाही. हेतू चांगला असला तरीही नाही. मुलांसमोर तर मुळीच नाही.

कोऱ्या तांब्याच्या चकत्या वापरता येतील. त्यावर मूल्याचा आकडा, राजमुद्रा किंवा खऱ्या नाण्यासारखे काही असू नये आणि आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. पण तेवढ्याने धंदा उभा राहत नाही. नवे यंत्र काही हजार डॉलरना पडते. त्यावर जहाजाचे भाडे आणि आयातशुल्क. समजा, सगळे मिळून पाच लाख रुपये झाले. चकती, ठसे, देखभाल वजा जाता प्रत्येक नगामागे २० रुपये उरले, असे धरा. पाच लाख परत मिळायला २५,००० नग दाबावे लागतील. रोज दहा लोक, एकही दिवस न चुकता आले, तर २,५०० दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षे. आपल्या वसतिगृहाच्या रस्त्याने रोज दहा पाहुणे येत नाहीत. जे येतात ते मुलांचे आईवडील. त्यांच्याकडून गमतीचे पैसे घेण्यासाठी आपण तेथे नाही.

तोरणमाळसारख्या ठिकाणी ठेवावे, असेही कोणी सुचवले आहे. तेथे पर्यटक येतात हे खरे, पण हंगाम पाहूनच. आणि रुळाला तडा गेला तर तो कोण बदलणार? मी दीड तासापलीकडचे यंत्र घेत नाही, ते याच कारणासाठी. जे यंत्र दुरुस्त करणारा हात जवळ नाही, ते भेट नसून ओझे असते. संस्थांच्या कोठारांत धूळ खात पडलेली अशी यंत्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

मग त्या रकमेचे काय करावे?

माझी समितीला आणि तरुण संघाला नम्र सूचना अशी : ती रक्कम वसतिगृहाच्या नावाने ‘हिवाळ्याचा शिधा’ म्हणून बँकेत वेगळी ठेवावी. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत एखाद्या देणगीदाराचे पैसे उशिरा आले, तर ताईंनी तेवढ्यापुरते त्यातून घ्यावेत आणि देणगी येताच परत भरावेत. खाते दोन सह्यांचे असावे. वर्षातून एकदा हिशेब याच अंकात छापावा. यंत्राचे उद्घाटन होते, फोटो निघतात. राखीव रकमेचा फोटो निघत नाही, हे मी जाणतो. तरुणांना ते फिके वाटेल. पण उधारीच्या वहीतले ‘डाळ अर्धी’ हे शब्द पुन्हा लिहिले जाऊ नयेत, एवढे काम ती रक्कम नक्की करील.

ही निकड वाढण्याचे आणखी एक कारण आहे. एक पेनी पाडायला अमेरिकन टांकसाळीला २०२४ च्या हिशेबाप्रमाणे ३.६९ सेंट खर्च येत होता. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. बाजारात अजून अब्जावधी पेनी आहेत, त्यामुळे माझी यंत्रे उद्या थांबणार नाहीत. पण लोकांच्या खिशात त्या कमी होत जातील. पुढे मलाही कोऱ्या चकत्यांची यंत्रे घ्यावी लागतील किंवा धंदा आटोपावा लागेल. तोपर्यंत मी पाठवीत राहीन. मात्र वसतिगृहाने माझ्यावर किंवा माझ्यासारख्या कोणाही एकावर अवलंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

तरुण संघाला वाईट वाटू नये. त्यांच्यातल्या कोणाला यंत्र पाहायचेच असेल, तर पुढच्या भेटीत मी प्रत्येकासाठी एक दाबलेली पेनी आणीन. ती अमेरिकेची, तेथेच कायद्याने दाबलेली असेल. रेल्वे संग्रहालयाच्या यंत्रात वाफेच्या इंजिनाचे एक चित्र आहे, ते वसतिगृहातील मुलांना फार आवडते. गेल्या वेळी एका पावरा मुलाने ते नाणे बराच वेळ निरखून मला विचारले, “काका, आता याचं काय येईल?”

मी म्हणालो, “काहीच नाही. हे आता दुकानात चालत नाही.”

“मग तुम्ही याचे पैसे कसे आणता?” तो म्हणाला.

त्याला उत्तर देताना मला हा सगळा लेख तोंडी सांगावा लागला होता. त्याने शांतपणे ऐकले आणि शेवटी एवढेच विचारले की, पेटी उघडताना दुसरा माणूस रोज असतो का. मी ‘हो’ म्हणालो. त्याने मान हलवली आणि नाणे खिशात घातले.

समितीच्या बैठकीसाठी, ताईंसाठी आणि या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या सर्व कुटुंबांसाठी आपण प्रार्थना करावी, ही विनंती.

ख्रिस्तात आपला,
पेनसिल्व्हेनिया येथील एक बंधू